इंफाळच्या चिखलातलं हरिकेन: विमानाच्या मॉडेलचा देखावा, रंगापासून पेटीपर्यंत

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला डायोरामा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. विटा रचायच्या, वर ओलं पोतं टाकून माती लिंपायची, अळीव पेरायचे आणि मावळे उभे करायचे. फरक एवढाच, की किल्ल्यात मावळा महादरवाजापेक्षा उंच निघाला तरी कुणी बोलायचं नाही. डायोरामात मावळा दरवाजातून आत जायला हवा.

मी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची प्लॅस्टिक किटं जोडतो. कारखाना म्हणजे सदाशिव पेठेतली एक गॅलरी, तिचा अर्धा भाग वॉशिंग मशीनने खाल्लेला. नुसतं विमान कपाटात ठेवलं तर पाहुणे "छान आहे" म्हणतात आणि चहाकडे वळतात. त्याच विमानाखाली जमीन आली, शेजारी एक माणूस उभा राहिला, की कप हातात धरून वाकून बघतात. म्हणून मी डायोरामाला देखावाच म्हणतो. गणपतीतल्यासारखा, फक्त ध्वनिक्षेपक नाही.

या लेखात एकच देखावा पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतोय: १९४४चा पावसाळा, इंफाळ, आणि भारतीय हवाई दलाच्या पहिल्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं हॉकर हरिकेन हे ब्रिटिश बनावटीचं लढाऊ विमान. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळवर चालून आल्या, शहराला वेढा पडला आणि कोहिमा-इंफाळ रस्ता २२ जूनला मोकळा झाला. त्या काळात या स्क्वाड्रनची हरिकेनं टेहळणी करत होती, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली. त्यांना त्याबद्दल डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे पदक मिळालं. पुढे १९६५च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते ते हेच, आणि २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले तेही हेच. स्पिटफायर हे हरिकेनपेक्षा जास्त गाजलेलं लढाऊ विमान, ते जगातला प्रत्येक जण करतो. हरिकेन करण्यात आपला संबंध आहे, आणि शिवाय एक धंद्याचं कारण आहे: हे विमान अर्धं पत्र्याचं आणि अर्धं कापडाचं. रंगकामातलं जे काही शिकायचं ते एकाच विमानावर शिकून होतं.

आधी प्रसंग ठरवा

रंगाची बाटली उघडायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा. माझं वाक्य असं होतं: रात्रभर पाऊस पडून गेलाय, सकाळी विमान टेहळणीवरून परत आलंय, एक फिटर, म्हणजे विमानाचा मेकॅनिक, डाव्या पंखावर चढलाय आणि खालचा त्याला पाना देतोय. एवढ्यावरून रंगकामाचे निम्मे निर्णय होतात. चाकांना ओला चिखल, पोटाला शिंतोडे, धुराड्यांमागे ताजी काजळी, धूळ मात्र कुठेही नाही. माझ्या पहिल्या देखाव्यात मी विमानावर वाळवंटी धुळीचे झकास थर दिले आणि मग ते हिरव्यागार गवतात उभं केलं. कोथरूडला धुळीने माखलेली गाडी भर पावसात कोरडी उभी दिसावी, तसं ते दिसत होतं.

मग मापं. हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, म्हणजे १/७२ मापात, खऱ्याच्या बहात्तराव्या भागात, सुमारे १७ सेंटिमीटर. लांबी चौदाच्या जरा आत. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून विमानाची सावली कापा आणि वेगवेगळ्या मापांच्या कागदांवर ठेवून बघा. मला २८ बाय २४ सेंटिमीटरचा पाया बरोबर वाटला. विमान कडेला समांतर ठेवू नका; वीस-पंचवीस अंश तिरकं ठेवा. समांतर ठेवलं की ते पार्किंगमध्ये लावल्यासारखं दिसतं.

जोडणी

यावर फार लिहीत नाही, किटातला कागद ते सांगतो. तीन गोष्टी फक्त. सुटे भाग फ्रेमवर असतानाच भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. पंख आणि धड जुळतात तिथली फट रंगाने भरेल अशी आशा ठेवू नका; पुटी लावा, वाळली की आठशेच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. आणि घासताना कॉकपिटच्या मागच्या धडावर हात आवरा. तिथे बारीक उभार रेघा आहेत, त्या कापडाखालच्या लाकडी पट्ट्या आहेत. त्या घासून गेल्या की हरिकेनचं हरिकेनपण गेलं. खरं हरिकेन बघायचं असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. गेलात तर समोरून फोटो काढून परतू नका, मागे जाऊन त्या पट्ट्या बघा.

रंग आणि पुण्याची हवा

विमानाचा खालचा भाग मीडियम सी ग्रे, वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीनचे पट्टे. टामिया कंपनीच्या रंगांत एक्सएफ-८३ हा तो ग्रे आणि एक्सएफ-८१ हिरवा. डार्क अर्थसाठी मी हम्ब्रॉल २९ किंवा वायेहोचा मॉडेल एअर ७१.०२९ वापरतो. शाळेतले पोस्टर कलर विमानाला नकोत, त्यांची वेळ पुढे जमिनीवर येईल.

आधी करड्या प्रायमरचा पातळ हात. प्रायमर हा चहाडखोर असतो, राहिलेली प्रत्येक फट आणि ओरखडा तो दाखवतो. तिथे परत घासा, परत मारा. मग खालचा ग्रे, मग वरचा संपूर्ण भाग डार्क अर्थने, आणि शेवटी हिरवा. फिकट आधी, गडद नंतर. हिरव्यासाठी ब्लू टॅक (मळलेल्या कणकेसारखा चिकट पदार्थ) तळहातावर वळून शेवेसारखी लांब वळी करा, साधारण तीन मिलिमीटर जाडीची. रंगाच्या आराखड्यातल्या वळणांवरून ती विमानावर ठेवा, आतला भाग मास्किंग टेपच्या तुकड्यांनी झाका आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी पेनाएवढी पिचकारी) काटकोनात धरून मारा. वळी गोल असल्यामुळे कड किंचित मऊ येते. टेपने आणलेली सुरीसारखी कड या मापाला खटकते.

एअरब्रशला ०.३ची सुई, दाब १५ ते १८ पीएसआय. रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ: कपाच्या कडेवरून ओघळला पाहिजे आणि मागे धूसर पडदा राहिला पाहिजे. नाकातोंडाला मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. एअरब्रश नसेल तर अडून बसू नका. मऊ चपटा ब्रश, तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात, मध्ये चार-पाच तास. पहिल्या हातानंतर विमान भयंकर दिसेल. दिसू द्या. घाईने त्यावर जाड हात मारणाऱ्यांचीच विमानं पुढे कपाटाच्या मागच्या रांगेत जातात.

आता हवेचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की रंग विमानापर्यंत पोचायच्या आतच वाळतो. पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो, सुईच्या टोकाला गाठ बसते. अशा वेळी रात्री काम करा, किंवा रंगात रिटार्डरचे दोन थेंब टाका. जुलैत बरोबर उलटं. दमट हवेत लॅकर व्हार्निश मारलं की त्यावर पांढरट धूसर साय येते. माझं एक विमान त्यापायी रात्रीत दहा वर्षं म्हातारं झालं. सलग पाऊस लागला असेल तर व्हार्निशला सुट्टी द्या, तेवढ्यात माणसं रंगवा.

शेवटी उन्हाचा मार. डार्क अर्थमध्ये थोडा बफ (फिकट पिवळसर रंग) मिसळून, अगदी पातळ करून, पत्र्याच्या प्रत्येक चौकटीच्या मधोमध धूर सोडल्यासारखा मारा, कडा तशाच ठेवा. हिरव्यालाही तसंच, पण निम्म्याने कमी. केलंय हे सांगितल्याशिवाय कळू नये, एवढंच.

लाल ठिपका नको

बाजारातल्या बहुतेक किटांत युरोपातल्या खुणा येतात: निळं वर्तुळ, मध्ये लाल ठिपका. तो ठिपका घेऊन इंफाळला गेलात तर आपल्याच तोफा तुमच्यावर चालतील. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा, म्हणून या आघाडीवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला गेला. गडद निळं वर्तुळ आणि आत फिकट निळं, शेपटीच्या पट्टीतही हेच दोन रंग. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असलेले फोटो सापडतील, पण ते पट्टे १९४५च्या सुरुवातीचे. १९४४च्या पावसाळ्यात ते नकोत.

बरोबर खुणांचं वेगळं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर रंगवा: वर्तुळ कापायच्या कटरने मास्किंग टेपमध्ये दोन भोकं पाडा, आधी बाहेरचं गडद, मग आतलं फिकट.

डिकल लावायच्या आधी ग्लॉस व्हार्निश हवंच. खडबडीत मॅटवर डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चमकते. पाणी मात्र बघून घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, ते पाणी जड. डिकल वाळल्यावर त्याभोवती क्षारांची पांढरी कड उमटते, खिडकीच्या काचेवर उमटते तशी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, एक बाटली वर्षभर पुरते.

पत्रा की कापड?

हा भाग सावकाश वाचा, कारण इथेच मी सपशेल आपटलो होतो. पहिलं हरिकेन केलं तेव्हा चंदेरी रंग आणि स्पंजचा तुकडा घेऊन विमानभर टवके उडवले. नाकापासून शेपटीपर्यंत. हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका ते बघायला आले. धानोरीला राहतात, उमेदीच्या काळात कापडी पंखांच्या विमानांवर काम केलेलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विमान डोळ्यापाशी नेलं, बराच वेळ फिरवलं आणि शेपटीजवळ नख टेकवलं.

"हे काय रे?"

"रंग उडालाय काका. खालचा पत्रा दिसतोय."

"इथे पत्रा नाहीये बाळा. कापड आहे. कापडाखाली ॲल्युमिनियम कुठून आलं?"

तेव्हापासून हातात ब्रश घ्यायच्या आधी मी विमानाचा नकाशा करतो. हरिकेनमध्ये इंजिनावरची झाकणं पत्र्याची, कॉकपिटच्या बाजू पत्र्याच्या, हरिकेन टू या नंतरच्या प्रकाराचे पंखही पत्र्याचे. कॉकपिटच्या मागचं धड, शेपटीचे सगळे भाग आणि पंखांच्या टोकांकडचे मागच्या कडेचे हलते तुकडे (एलेरॉन) कापडाचे. प्रोपेलरही फसवतो: रोटल कंपनीच्या प्रोपेलरची पाती दाबलेल्या लाकडाची असायची, त्यांच्यावरही चांदी नको.

मग टवके कुठे? जिथे माणसाचा बूट, पाना किंवा पेट्रोलची नळी लागते तिथे. डाव्या पंखाचं मूळ, कारण पायलट तिथून चढतो. इंजिनाच्या झाकणांचे स्क्रू, तोफांची झाकणं, इंधनाच्या टाकीचं तोंड. स्पंजचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरा, गडद करड्या रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि मग टेकवा. चांदी अगदी शेवटी, टूथपिकच्या टोकाने, दहा-बारा ठिकाणी. तुम्हाला अजून चार हवेत असं वाटतं त्याच्या आधी थांबा.

कापडावर वेगळे डाग येतात. तिथे रंग विटतो, हात लागून मळकट होतो, पट्ट्यांच्या कडेला मळ साचतो. गडद तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पट्ट्यांमधल्या खाचांत सोडा, अर्ध्या तासाने कोरड्या ब्रशने वरून खाली ओढा. पत्र्याच्या जोडांनाही हाच वॉश, जरा काळपट करून.

धुराड्यांमागची काजळी ड्रॉइंगच्या सॉफ्ट पेस्टलची. काळा आणि तपकिरी खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा, मऊ ब्रशने धुराड्यापासून मागे ओढा. सुरुवातीला गडद, मागे विरळ, आणि कधीही निव्वळ काळी नाही. नंतर मॅट व्हार्निश. ते थोडी भुकटी गिळतं, म्हणून आधी वाजवीपेक्षा जरा जास्तच लावा.

जमीन

पायासाठी फोटोफ्रेमवाल्याला माप द्या. तो तासाभरात लाकडी पट्टीची चौकट करून देतो, तीही आपल्या हातून कधी येणार नाही अशा काटकोनात. आत टणक पॅकिंग फोमचा थर बसवा. चिकटवायला साधा पांढरा फेव्हिकॉल. रबरासारखा वास येणारा सोल्युशनचा प्रकार फोमला खातो, भोकं पडतात. जमीन सपाट ठेवू नका. विमान उभं आहे तिथे जरा दबलेली, कडेला उंच.

वर माती. बागेतली बारीक माती चहाच्या गाळण्यातून दोनदा चाळा, आणि चाळल्यावर तव्यावर चांगली भाजा. ही पायरी मी एकदा गाळली. ऑगस्टमध्ये काचेच्या पेटीत खरोखरचं शेवाळ उगवलं, मागोमाग बुरशी. इंफाळ दिसत होतं अगदी हुबेहूब, पण वास येत होता. भाजलेली माती, वॉल पुटी, फेव्हिकॉल आणि पोस्टर कलरचा गडद तपकिरी एकत्र कालवून थालीपीठासारखं थापा. ओलं असतानाच विमानाची चाकं दाबून खळगे घ्या, सुट्या चाकाने मागे दोन चाकोऱ्या ओढा, बुटांचे ठसे टूथपिकने.

इथे मापाचा हिशेब सतत डोक्यात हवा. १/७२ मध्ये तीन मिलिमीटरचा खडा म्हणजे प्रत्यक्षात वीतभर धोंडा. १७० सेंटिमीटरचा माणूस साधारण २४ मिलिमीटर. गुडघ्याएवढं गवत सहा-सात मिलिमीटर. अळिवाचं कोवळं रोप या मापात माडाएवढं होईल, शिवाय आठवड्यात मरेल; तेव्हा दिवाळीचा मोह आवरा. गवतासाठी सुतळी सोडवून तिचे तंतू हिरव्या-पिवळ्या रंगात बुडवा, वाळवा, कापा आणि झुबके करून भोकांत बसवा. एकच हिरवा वापरला की गालिचा होतो, तीन तरी छटा करा.

सगळ्यात आनंदाचा शोध देवघरात लागला. जळून उरलेली उदबत्तीची काडी. ती मुळात बांबूचीच, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मापात नऊ सेंटिमीटर जाडीचा बांबू. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बांबूच्या झोपड्या असायच्याच. मी विमानामागे अशी एक उघडी शेड घातली, खांब उदबत्तीचे, छप्पर जुन्या कुंच्याच्या काड्यांचं. काडीचं मसाला लागलेलं टोक कापून टाका आणि रंग देऊ नका, फक्त पातळ तपकिरी वॉश. तेलाची पिंपं आठ मिलिमीटर जाडीच्या जुन्या स्केचपेनच्या नळीची, बारा मिलिमीटर उंच, कड्यांसाठी गुंडाळलेली तांब्याची बारीक तार.

डबकी सगळ्यात शेवटी. तळ गडद रंगवा, मग दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी मिसळून दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाडीत ओता. बुडबुडे दिसले तर टाचणीने फोडा. डबकं चाकोरीतच असावं. उंचवट्यावर पाणी साचत नाही, हे लिहायची वेळ येऊ नये, पण मी प्रदर्शनांत पाहिलंय. मग डबक्याभोवतीची माती सॅटिन व्हार्निशने ओलसर करा आणि तोच चिखल पातळ करून चाकांना, चाकांच्या झाकणांना आणि पोटाखाली उडवा. जुना टूथब्रश, अंगठ्याने एकदाच. विमान आणि जमीन एकाच ठिकाणची आहेत हे त्या एका झटक्याने पटतं.

विमान नुसतं ठेवू नका. टायरचा तळ पॉलिश पेपरवर किंचित घासून चपटा करा, नाहीतर चार टनी विमान फुग्यावर उभं वाटतं. टायरमध्ये ०.८ मिलिमीटरची पिन बसवून ती खालच्या जमिनीत रोवा.

माणसं

तीन पुरेत. त्यांतले दोघं एकमेकांकडे बघत असले पाहिजेत आणि तिसऱ्याने त्यांच्याकडे पाठ करायला हरकत नाही. किटातली माणसं बहुधा इंग्लंडच्या थंडीतल्या जाड कपड्यांतली असतात. त्यांच्या कॉलर खरवडा, बाह्या कापून हात उघडे करा. फेटा एम-सीलचा: शेवयीइतकी बारीक वळी चपटी करून डोक्याभोवती तिरकी गुंडाळा, वर टूथपिकने घड्या. एम-सील लवकर आवळतं, एका वेळी एकच डोकं घ्या.

कातडीसाठी डब्यातला गुलाबीसर रंग फेकून द्या. बर्न्ट सिएना, थोडा पिवळा ऑकर आणि चिमूट पांढरा, वर गालाच्या हाडाला जरा फिकट. डोळे काढू नका. आखणी करायला कुंभारवाड्यातला हात हवा, आणि तोही एवढ्या बारीक चेहऱ्यावर थांबेल. कपाळाखाली गडद सावली दिली की डोळे आपोआप दिसतात.

पेटी आणि वाहतूक

धुळीसाठी ॲक्रिलिकची पेटी हवीच. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे तीन मिलिमीटरचा शीट मापात कापून मिळतो, जोडूनही देतात. वरच्या टोकापासून पेटीचं छत निदान पाच सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर विमान डब्यात कोंडल्यासारखं वाटतं. खिडकीसमोर ठेवू नका, उन्हाने रंग आणि डिकल विटतात. दिवा द्यायचा तर तपकीर गल्लीतून वॉर्म व्हाइट एलईडीची पट्टी आणा आणि ती समोरून न लावता वरच्या मागच्या कडेला लावा, म्हणजे डबकी चमकतात. मांडणी डोळ्यांच्या रेषेत. हरिकेनकडे वरून बघितलं की नकाशा दिसतो, समोरून बघितलं की विमान.

प्रदर्शनाला न्यायचं असेल तर स्कूटरवर पायांपाशी ठेवून नेऊ नका. मी नेलं होतं, टिळक रोडवरून, ताशी वीसच्या वेगाने, मागच्या रिक्षावाल्याचं सगळं ऐकून घेत. चाकांच्या पिनांनी विमान जागचं हललं नाही. पण एका गतिरोधकावर फिटर पंखावरून उडाला आणि शेडच्या छपरात जाऊन बसला. आता माणसांच्या पायांतही पिना घालतो, आणि खोक्यात एम-सीलची एक पुडी, चिमटा आणि दोन जास्तीचे फिटर ठेवतो.